सातशे ऐंशी रुपयांची शिराज

वाइनच्या दुकानात मी कायम खालून दुसऱ्या फळीवरची बाटली उचलते. सगळ्यात खालची उचलायची लाज वाटते आणि वरच्या फळ्यांकडे बघायची सोय नाही. पगार बरा आहे, पण बाणेरचं घरभाडं, एज्युकेशन लोनचा हप्ता आणि गावाकडच्या ठिबकच्या कर्जातला माझा वाटा गेला की एका बाटलीसाठी तीन हजार मोजायला हात धजावत नाही. तर गेल्या एप्रिलमध्ये अशीच एक शिराज उचलली. नाशिकचीच, दिंडोरीच्या बाजूची, ७८० रुपयांची. नाव सांगत नाही. एक तर ही जाहिरात नाही, आणि दुसरं म्हणजे पुढच्या वर्षी त्याच लेबलच्या बाटलीत तीच वाइन असेल याची खात्री द्राक्षं पिकवणारा कुणी देणार नाही.

पहिल्या घोटाला ती वाईट लागली. घशात गरम, नाकात स्पिरिट, वर शिजवलेल्या जांभळाचा गोडसर वास. सातशे ऐंशी गेले म्हणून बूच लावलं (बूच कसलं, फिरकीचं झाकण) आणि बाटली फ्रिजमध्ये ढकलली. अर्ध्या तासाने जेवताना पुन्हा ओतली, तर वेगळीच वाइन. जांभूळ होतंच, पण आता पिकलेलं, ताजं. जिभेच्या कडेला हलका तुरटपणा, आणि ते गरम स्पिरिट गायब. मी दोनदा लेबल वाचलं.

कारण साधं आहे. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा सल्ला ज्या खोल्यांसाठी होता त्या जुन्या युरोपातल्या, १६ ते १८ अंशांच्या. माझ्या खोलीत एप्रिलमध्ये रात्री दहाला ३२ अंश असतात. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोल आधी नाकात शिरतं आणि बाकी सगळं झाकून टाकतं. शिराजसारख्या गरम प्रदेशात पिकलेल्या, साखर जास्त म्हणून अल्कोहोल जास्त असलेल्या वाइनचा तर पार कचरा होतो. आपल्याकडे स्वस्त रेड वाइनला जी नावं ठेवली जातात, त्यातली निम्मी पंख्याखाली ठेवलेल्या बाटलीची असतात असं माझं मत झालंय. उरलेली निम्मी दुकानदाराची, जो बाटल्या शोकेसमध्ये उन्हात उभ्या करतो.

पुढच्या दोन महिन्यांत मी त्याच वाइनच्या चार बाटल्या आणल्या आणि ऑफिसात सांगत सुटले, की ही तीन हजारांच्या ऑस्ट्रेलियन शिराजच्या तोडीची आहे. त्यावर आमच्या टीममधला टेस्टिंगवाला म्हणाला, “तू निफाडची आहेस. तुला नाशिकचं पाणीपण तोडीचं वाटेल.”

हे लागलं, कारण त्याला अर्धंच माहीत होतं. आमच्या रानात दीड एकर शिराज होती. मी दहा ते चौदा वर्षांची असताना. ते मी पुण्यात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मी वाइन पिते हे घरी कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा माझी जीभ निःपक्षपाती आहे असं मला स्वतःलाही छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. यावर इंजिनिअर माणूस जे करतो तेच केलं. टेस्ट लिहिली.

शनिवार रात्र, सहा जण, चार शिराज. एक माझी ७८० ची. दुसरी ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातली, २९५० ची, सहा जणांत वर्गणी काढून. तिसरी नाशिकचीच, पण ‘रिझर्व्ह’ लिहिलेली, १३५० ची. चौथी फ्रान्सच्या उत्तर रोन खोऱ्यातली क्रोझ-एर्मिताज. ती टीममधल्या एकाने लिऑनच्या ऑनसाइटहून येताना २४ युरोला, म्हणजे सव्वीस-सत्तावीस टक्के सवलतीच्या सेलमधल्या बुटांच्या भावात, आणली होती. हीच इथे दुकानात घेतली असती तर किंमत कुठल्या कुठे गेली असती. परदेशी वाइनवर आपल्याकडे कित्येक वर्षं दीडशे टक्के आयात शुल्क होतं. ऑस्ट्रेलियाच्या महागातल्या बाटल्यांवर ते डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या करारापासून कमी होत चाललंय, तरी तीन हजारांच्या बाटलीतले बरेच पैसे अजून वाइनचे नसतातच.

फ्रान्समध्ये या द्राक्षाला सिरा म्हणतात. शिराज या इराणी शहरातून कुणा धर्मयोद्ध्याने वेल आणला अशी छान गोष्ट त्याच्याबद्दल शतकानुशतकं सांगितली जायची. १९९८ च्या सुमारास कॅलिफोर्निया आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी डीएनए तपासला, तर आईबाप फ्रान्सचेच निघाले: द्युरेझा आणि मोंदूझ ब्लाँश, दोन्ही फारशी कुणाला ठाऊक नसलेली वाणं. इराण नाही, धर्मयोद्धा नाही. १८३२ मध्ये जेम्स बझबी नावाच्या माणसाने युरोपातून वेलांच्या काड्या जहाजातून सिडनीला नेल्या, तिथून ते ऑस्ट्रेलियात रुजलं. काडी कलम करून वाण दुसऱ्या मुलखात नेणं आम्हाला नवीन नाही. माझ्या वडिलांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणल्या, एवढाच फरक.

तर टेस्ट. रूममेटने स्वयंपाकघरात बाटल्या खाकी पिशव्यांत घातल्या आणि बाहेर आली. मग शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलीने आत जाऊन पिशव्यांची अदलाबदल करून वर आकडे टाकले. म्हणजे खोलीत असलेल्या कुणालाच उत्तर माहीत नाही. सगळ्या बाटल्या आधी फ्रिजमध्ये अर्धा तास. खायला फक्त साधा पाव. (एकाने चकली खाल्ली. त्याला बाद करायचं ठरलं होतं, पण वर्गणी त्याचीही होती.) प्रत्येकाने आवडीप्रमाणे एक ते चार क्रमांक द्यायचे, बेरीज जितकी कमी तितकी वाइन लाडकी.

बरोसा १३. माझी ७८० ची १४. क्रोझ १५. रिझर्व्ह १८.

मी उडीच मारली. तेवढ्यात टेस्टिंगवाल्याने दोन गोष्टी दाखवल्या. एक, सहा जणांत एका गुणाचा फरक म्हणजे काहीच नाही. कुणी एकाने मत बदललं तरी क्रम उलटतो. दोन, क्रोझचे १५ गुण बघ. तिघांनी तिला पहिला नंबर दिलाय आणि तिघांनी शेवटचा. मधलं कुणी नाहीच. मी शेवटचा दिला होता. माझ्या वहीत लिहिलंय, “पाणचट, आंबट, काही घडत नाही.”

महाग वाइनबद्दलचे प्रयोग मी त्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी वीस लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून नळीने वाइन पाजली. एकच वाइन दोनदा दिली, एकदा ५ डॉलरची सांगून आणि एकदा ४५ ची. ४५ ची जास्त आवडली, आणि लोक नुसतं तसं म्हणाले असं नाही. मेंदूतला सुखाशी जोडलेला भाग खरंच जास्त उजळला. म्हणजे किंमत माहीत असलेला माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच जास्त सुख होत असतं. त्याच वर्षी सहा हजारांहून जास्त वेळा झाकून चाखलेल्या वाइनच्या आकड्यांवरून अमेरिकेत एक पेपर निघाला: किंमत लपवली की सामान्य माणसांना महाग वाइन थोडी कमीच आवडते. खास शिकलेल्यांचं तसं नव्हतं. आणि २००४ ची ती प्रसिद्ध गंमत तर शिराजचीच आहे. कॅलिफोर्नियात सुमारे दोन डॉलरला मिळणाऱ्या चार्ल्स शॉ या लेबलच्या शिराजने दोन हजारांहून जास्त वाइनच्या स्पर्धेत डबल गोल्ड मेडल घेतलं.

हे सगळं माझ्या बाजूचं होतं. पण ‘खास शिकलेल्यांचं तसं नव्हतं’ हे वाक्य टोचत राहिलं.

रविवारी दुपारी पुन्हा सगळे जमले. या वेळी आवड विचारायची नाही, फक्त फरक कळतो का ते बघायचं. खाण्याच्या पदार्थांच्या कंपन्या हीच पद्धत वापरतात. तीन पेले, त्यातल्या दोघांत एकच वाइन, एकात वेगळी. वेगळा पेला ओळखायचा. नुसता अंदाज ठोकला तरी तीनात एकदा बरोबर येणारच. रंगावरून कळू नये म्हणून स्टीलचे पेले घेतले. सहा जण, प्रत्येकी दोन फेऱ्या, म्हणजे बारा उत्तरं. नशिबावर सोडलं तर चार बरोबर यावीत.

माझी विरुद्ध बरोसा: बारात पाच. म्हणजे जवळपास नशीबच. २९५० ची आणि ७८० ची वाइन समोर ठेवून आम्हा सहा जणांना त्यातली कुठली कुठली हे सांगता येत नव्हतं. मला जे सिद्ध करायचं होतं ते इथे झालं, आणि लेख एवढ्यावर संपवायचा मोह मलाही आहे.

माझी विरुद्ध क्रोझ: बारात नऊ. हे नशिबाने व्हायचं तर अडीचशेत एखाद्या वेळी होईल. म्हणजे इथे फरक खराखुरा होता, आणि लोकांना तो स्पष्ट कळत होता. चुकलेल्या तीन उत्तरांपैकी दोन माझी होती.

“अगं, मिरी येतेय ना सरळ,” रूममेट म्हणाली. “रस्समसारखी.” चकलीवालाही मान हलवत होता. मी पेल्यात नाक खुपसलं. द्राक्षं, थोडी माती, बाकी काही नाही. त्यांनी मला डब्यातली काळी मिरी आणून हुंगायला दिली. ती येत होती. पेल्यातली येत नव्हती.

याचं उत्तर २००८ सालातच सापडलेलं आहे. (ते वर्ष या गोष्टीत सारखं येतंय, त्याला माझा इलाज नाही.) ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लोकांनी शिराजमधल्या मिरीच्या वासामागचा रेणू शोधला. त्याचं नाव रोटंडोन, आणि तो खऱ्या काळ्या मिरीतही असतो. लिटरमध्ये काही अब्जांश ग्रॅम असला तरी पुरतो. थंड जागी पिकलेल्या शिराजमध्ये तो जास्त असतो, उन्हाच्या मुलखातल्या शिराजमध्ये कमी. आणि त्यांनी ज्यांच्यावर चाचणी केली त्यातल्या साधारण पाचांतल्या एकाला तो कितीही वाढवला तरी येतच नव्हता. मिरीत वासाचे दुसरे पदार्थही असतात, म्हणून डब्यातली मला कळते. पेल्यात तेवढा एकच असतो, आणि तेवढ्याच ठिकाणी माझं नाक बंद आहे.

म्हणजे आता हिशेब असा: माझी ७८० ची वाइन महाग वाइनच्या तोडीची आहे, पण त्यातल्या एका महाग वाइनचं जे वैशिष्ट्य आहे ते मला जन्मजात दिसतच नाही. रंगांध माणसाने साडी निवडून द्यावी तसं माझं प्रमाणपत्र. टेस्टिंगवाल्याने बग रिपोर्ट लिहिल्यासारखं कागदावर लिहिलं, ‘सेन्सर फॉल्टी’, आणि फ्रिजवर चिकटवलं. अजून तिथेच आहे.

मला मात्र त्या रात्री दुसरीच गोष्ट सुचत होती. आमच्या घरात चांगल्या नाकाचा माणूस कोण, हे मला माहीत होतं.

अप्पांनी शिराज लावली २००६ साली. तेव्हा नाशिक भागात वाइनची हवाच होती. सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं होतं, विंचूरला वाइन पार्क झालं होतं, आणि एका वायनरीचा फील्ड ऑफिसर मोटारसायकलवरून बागा बघत फिरायचा. आठ वर्षांचा करार, बावीस ब्रिक्सच्या वर साखर असेल तर किलोला ३५ रुपये, रोपं आणि मार्गदर्शन त्यांचं. थॉमसनच्या भानगडी यात नव्हत्या. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायला जीएत घड बुडवा, थिनिंग करा, सोळा-अठरा एमएम साइज आली नाही तर एक्सपोर्टवाला तोंड फिरवतो. इथे उलटं. मणी बारीकच हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी जितका लहान तितकी रसामागे साल जास्त. पाणी तोडा, घड कमी ठेवा. अप्पा म्हणायचे, “पहिल्यांदा कुणीतरी माल बारीक ठेवायचे पैसे देतंय.”

अप्पा माळकरी. आषाढीची वारी चुकवत नाहीत. गावात बोललं गेलंच, माळकऱ्याच्या रानात दारूची द्राक्षं. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, “ऊस लावणाऱ्याला कुणी विचारतं का, मळीचं पुढं काय होतं?” गप्प बसायचे लोक. पण काकूंनी त्या वर्षी आमच्याकडच्या सप्त्याच्या पंगतीला यायचं टाळलं, हे आईच्या अजून लक्षात आहे.

२००८ च्या पहिल्या मालाचे पैसे आले, दोन महिने उशिरा. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, त्याआधीच जगभर मंदी आली होती. हॉटेलं रिकामी, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या. फेब्रुवारी २००९ ला आमची बाग तयार होती. अप्पा रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक मणी पिळायचे आणि मला डोळा लावायला द्यायचे. तेवीस. चोवीस. पंचवीस. फील्ड ऑफिसर फोन उचलत नव्हता. वेलावरच मणी सुरकुतायला लागले, आणि सगळ्या बागेला बेदाण्याच्या शेडसारखा वास सुटला. मार्चमध्ये वायनरीने अर्धा माल नेला, कमी भावाने, आणि त्याचा चेक वटला नाही.

उरलेल्या मालाचं करायचं काय? बाजारात नेला तर लोक हसतात. मणी वाटाण्याएवढा, जाड सालीचा, आत बिया. बिया म्हणून बेदाणाही होत नाही. थॉमसनचा भाव पडला तरी तो कुणीतरी घेतोच. वाइनचं द्राक्ष वायनरीने नाकारलं की त्याला जगात दुसरं गिऱ्हाईक नाही. हे करार करताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. काही गुरांना घातला, बाकीचा पक्ष्यांनी खाल्ला. पुढच्या वर्षीही तेच झाल्यावर २०१० च्या एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या दिवसांत, अप्पांनी जेसीबी बोलावला. आमच्याच भागातल्या कितीतरी बागा त्या एक-दोन वर्षांत अशाच निघाल्या. त्या वर्षी हिवाळाभर आमचं पाणी शिराजच्या खोडांवर तापलं. चांगलं जळतं ते लाकूड, सावकाश.

टेस्टनंतरच्या शुक्रवारी मी गावी गेले. बॅगेत ७८० ची नवी बाटली, आणि क्रोझची उरलेली वाइन औषधाच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरलेली, म्हणजे हवा लागू नये. सिन्नर येईपर्यंत मी काय बोलायचं त्याची चार वाक्यं जुळवली होती. संध्याकाळी अप्पा ओट्यावर बसले होते, आई शेंगा फोडत होती. मी बाटली काढून समोर ठेवली आणि चारही वाक्यं विसरले.

“शिराज आहे,” म्हटलं. “आपण लावली होती ती.”

आईने बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तू पितेस?”

“कधीतरी.”

शेंगा फोडायचा आवाज थांबला. अप्पांनी बाटली उचलली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि लेबल वाचायला लागले. पुढचं, मग मागचं, अगदी खालच्या बारीक अक्षरांपर्यंत. त्याला बराच वेळ लागला.

“किलोला काय भाव दिला असेल त्यांनी?” ते म्हणाले.

मला नक्की माहीत नव्हतं. पन्नास धरा, म्हटलं. एका बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. अप्पांनी मनात गुणाकार केला. “म्हणजे साठाचा माल. आणि ही केवढ्याला?”

“सातशे ऐंशी.”

“बाकीचे सातशे वीस?”

मी सांगायला लागले. बाटलीची काच, झाकण, लेबल, वायनरीतली यंत्रं, थंड ठेवायच्या टाक्यांचं वीजबिल, सरकारचा कर, डिस्ट्रिब्युटर, दुकानदार. अप्पा एकेक बोट मिटत होते. मग विचारलं, “आणि महागातली असते तिच्यात?” तिच्यात लाकडाचं पिंप असतं, मी म्हटलं. फ्रान्सच्या ओकचं सव्वादोनशे लिटरचं एक पिंप युरोपातच ७०० ते १००० युरोला पडतं आणि त्यात तीनशेच बाटल्या निघतात. शिवाय वर्षभर माल अडकून पडतो. शिवाय नाव.

“द्राक्षं?”

“द्राक्षं तेवढीच. किलो-सव्वा किलो.” चांगल्या बागेची, कमी घड ठेवलेली असतात, त्यामुळे किलोचा भाव जास्त असतो, हे मी पुढे जोडलं, पण अप्पा तोवर हसायला लागले होते. बऱ्याच दिवसांनी असे हसले. “२०२२ ला टीव्हीवर सांगत होते ना,” ते म्हणाले, “सुपरमार्केटात वाइन ठेवणार, शेतकऱ्यासाठी. साठ रुपयांसाठी केवढी काळजी.”

मग मी खरं काम काढलं. नुसता वास घेणार का, विचारलं. आई म्हणाली, “माळ आहे गळ्यात त्यांच्या.” अप्पा म्हणाले, “वास घ्यायला काय झालं? चार वर्षं घेतलाच की.” आईने तिचे पेले द्यायला ठाम नकार दिला, म्हणून मी पुण्याहून आणलेल्या दोन काचेच्या वाट्यांत ओतलं. कुठल्या वाटीत काय ते सांगितलं नाही.

अप्पांनी पहिली वाटी नाकाशी नेली आणि लगेच बाजूला केली. “मिरं घातलंय यात.”

“घातलेलं नाही. द्राक्षातच असतं.”

“असं?” पुन्हा हुंगलं. “मग थंडीतला माल आहे. आपल्याकडं नाही यायचा असा वास.” रोटंडोनबद्दल मी एक शब्द बोलले नव्हते.

दुसऱ्या वाटीला त्यांनी जास्त वेळ घेतला. डोळे मिटले नाहीत की काही नाही, बांधावरून आभाळ बघावं तसं समोर बघत होते. “हा आपल्याकडचा. उशिरा तोडलाय. मार्च लागल्यावर, चोवीसच्या पुढं गेल्यावर.” वाटी खाली ठेवली. “पण वाया नाही घालवला त्यांनी.”

“कुठली चांगली?” मी विचारलं. इतके दिवस चाललेल्या सगळ्या खटाटोपाचं उत्तर आता मिळणार, अशा थाटात.

“मी पीत नाही, मला काय विचारतेस?” ते म्हणाले आणि वाटी माझ्याकडे सरकवली. आईने ती मधेच उचलून आत नेली. पण ओतून टाकली नाही. रात्री फ्रिज उघडला तेव्हा झाकण ठेवलेली वाटी दह्याच्या पातेल्याशेजारी होती.

जेवणं झाल्यावर मी अंथरूण घालत होते, तर अप्पा बाहेरून म्हणाले, “ते फ्रान्सवाले छाटणी किती वेळा करतात?”

“एकदाच. हिवाळ्यात वेल झोपतो त्यांचा. पानं गळून जातात सगळी.”

“आपला झोपतच नाही,” अप्पा म्हणाले. “म्हणून दोनदा.” थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग, “आणि मजुरी काय असते तिकडं? बघून सांग.”